चिऊला, सोमवारच्या मीटिंगआधी

प्रिय चिऊ,

परवा फोन आधी तू ठेवलास की मी, यावर घरात अजून वाद चालू आहे. "आई, तू प्लॅनिंगमध्ये नुसती कार्डं भरायचीस," हे मात्र तूच म्हणालीस. खरंच आहे, भरायचे. पण कारखान्यात जे जे बंद पडायचं ते ते त्या कार्डावरून माझ्या टेबलावर यायचं. फिटर विसरायचे, सुपरवायझर विसरायचे, साहेब तर सोयीने विसरायचे. कार्ड तेवढं राहायचं. त्या जोरावर लिहितेय. सोमवारी मशीनच्या देखभालीचं धोरण मांडायला सगळ्यांसमोर उभी राहण्याआधी वाच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, इथे तरी करू दे.

बाबांचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच बसलेय.

तुझ्या साहेबांना "प्रिव्हेन्टिव्ह की प्रेडिक्टिव्ह, काय ते एक सांगा" याचं उत्तर हवंय, म्हणजे तारखा ठरवून मशीन आधीच खोलायचं, की बिघाडाची चाहूल लागेल तेव्हाच. देऊ नकोस. अख्ख्या कंपनीला एकच धोरण लावायला गेलं की काही मशीनची उगाच चिरफाड होते आणि बाकीच्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. एका पंपाचंच घे. त्याचं सील एका तऱ्हेने जातं, बेअरिंग दुसऱ्या, कपलिंगचं रबर तिसऱ्या. तिघांना एकाच तारखेला खोलण्यात काय हशील? तू मशीनची यादी करतेयस म्हणालीस. यादी हवीच, पण प्रत्येक ओळीपुढे लिही, हे बंद पडलं तर नेमकं काय होतं? कुणाच्या जिवावर बेततं? लाइन थांबते? की दुरुस्तीच्या खर्चावर भागतं? आणि चौथी तऱ्हा फार वाईट, ती म्हणजे बंद पडलंय हे कुणाला कळतच नाही.

ही चौथी तऱ्हा यादीत वर घे. आगीचा पंप, सेफ्टी व्हॉल्व्ह, टाकी भरून वाहू नये म्हणून बसवलेला लेव्हल स्विच, वीज गेली की सुरू व्हायचा जनरेटर. ही मंडळी बिघडली तरी रोजच्या कामाचं काही अडत नाही. गरज पडते तेव्हाच कळतं. त्यांना ठरल्या दिवशी खरोखर चालवून बघणं हाच उपाय, नुसती रजिस्टरवर सही नव्हे. स्टँडबाय पंपाचंही तसंच. शेजारचा पंप चालू असतो, त्याची थरथर फाउंडेशनमधून येत राहते, आणि उभ्या पंपाच्या बेअरिंगमधले बॉल एकाच जागी घासून रेसवर, म्हणजे ते ज्या कड्यावर फिरतात तिथे, खळगे पाडतात. न चालताच खराब! "नवाकोरा आहे, कधी वापरायची वेळच आली नाही" असं ज्या पंपाबद्दल कौतुकाने सांगतील, तोच आधी चालवून बघ.

उलट ज्याच्या बंद पडण्याने कुणाचं काही बिघडत नाही, स्पेअर स्टोअरमध्ये आहे आणि सहज बदलता येतं, ते खुशाल बंद पडेपर्यंत चालू दे. त्यात कमीपणा नाही. मात्र ते आधी ठरवून, स्पेअर मोजून, लिहून ठेवलेलं असावं. आमच्याकडे ठरवलेलं काहीच नसायचं. ब्रेकडाउन झालं की धावपळ, रात्र असो की दिवस, आणि त्या धावपळीत…

असो. पुढे जाते.

तारखा बघून मशीन खोलण्याबद्दल. तुला कॉलेजात शिकवलं असेल, तरी आईकडून पुन्हा ऐक. नियमाने खोललं, पार्ट बदलला की बिघाड टळतो, हा समज विमानवाल्यांनीच आधी तपासून बघितला. युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ली नौलन आणि हॉवर्ड हीप यांनी 1978 साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. तुमचं आरसीएम म्हणतात ते, बिघाडाचा परिणाम बघून देखभाल ठरवायची पद्धत, त्यातूनच आलं. त्यांना काय दिसलं, तर वय झालं म्हणून बिघडतात असे पार्ट 11 टक्के. आणि 68 टक्के पार्टना सगळ्यात जास्त धोका होता तो नवीन बसवल्या बसवल्या! डीसी-8 विमानाच्या पहिल्या कार्यक्रमात 339 वस्तू ठरल्या वेळी ओव्हरहॉल करायच्या होत्या. पुढे डीसी-10 आलं तेव्हा त्या 7 वर आल्या.

त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश कोस्टल कमांडच्या विमानांचे आकडे वॉडिंग्टन नावाच्या माणसाने मांडले होते. होता जीवशास्त्रज्ञ, मेकॅनिक नव्हे, आणि मला ते फार आवडतं, कारण त्यानेही एका अर्थी कार्डंच वाचली. दर 50 तासांनी तपासणी व्हायची. बिघाड तपासणीनंतर लगेच वाढायचे आणि मग हळूहळू कमी होत जायचे. म्हणजे खोलाखोलीतच काहीतरी बिघडत होतं.

आता हे ऐकून सगळी पीएम, म्हणजे तारखेची देखभाल, रद्द करायला निघू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. ते आकडे विमानाच्या पार्टचे. तुझ्याकडे जे झिजतं ते झिजतंच: बेल्ट, ब्रेक लायनर, फिल्टर, गाळ ओढणाऱ्या पंपाचा इम्पेलर. त्यांना तारीख असू दे. पण "दरवर्षी गिअरबॉक्स खोला" असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ते कुणी आणि कशावरून लिहिलं, हे विचार. बऱ्याचदा कुणीच सांगू शकत नाही. आधीच्या चार्टवरून उतरवलेलं असतं.

ग्रीसचंच सांगते. मोटरला महिन्याचं ग्रीस, कार्डावर टिक. किती स्ट्रोक ते कुठेच लिहिलेलं नाही. मग फिटर मन लावून गन मारत राहतो, सीलमधून बाहेर येईपर्यंत. माणूस कामसू, त्यात त्याचा काय दोष? एकदा अशी मोटर खोलली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते. बेअरिंगचं कव्हर काढलं तर आत ग्रीस ठासून भरलेलं, घुसळून घुसळून काळं पडलेलं, करपल्याचा वास, आणि आतल्या बाजूने ते थेट वाइंडिंगवर ओघळलेलं. बेअरिंगला फिरायला जागाच ठेवली नव्हती, ते तापणारच. मोटरच्या इन्सुलेशनचं साधारण गणित तुला ठाऊक आहे, 10 अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं. कार्डावर कारण काय लिहिलं होतं? "ओव्हरलोड."

तो कारणाचा रकाना. तुला आठवतं का, शाळा सुटल्यावर तू माझ्या टेबलाखाली बसायचीस आणि रद्द कार्डांच्या पाठीवर चित्रं काढायचीस? एक दिवस कार्ड उलटून वाचत बसलीस आणि विचारलंस, "आई, हे शेवटचं घर कुणीच का भरत नाही?" काय झालं, काय केलं, ही दोन भरलेली. का झालं, ते रिकामं, नाहीतर "नॉर्मल वेअर". त्या दिवशी स्टोअरचे साहेब शेजारी उभे होते. ते हसले, मी नाही हसले. घरी येऊन मी तुझ्या आत्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण तिने ते पुढे सगळ्यांना सांगितलं.

तर ते घर तू भरून घे. ते भरेपर्यंत कुठलंही धोरण अंदाजपंचेच. तू ज्या बेअरिंगबद्दल बोललीस, दर काही महिन्यांनी जातं ते, त्या मोटरला वेग बदलणारा ड्राइव्ह बसवलाय ना? मग जुनं बेअरिंग कापून रेस बघ. धुण्याच्या फळीसारख्या आडव्या समान रेघा दिसल्या तर शाफ्टमधून करंट जातोय. तिथे उत्तम कंपनीचं बेअरिंग घातलंस तरी तेही जाणार. इन्सुलेटेड बेअरिंग लाव किंवा शाफ्टला अर्थिंग ब्रश. सेन्सर तुला बेअरिंग जातंय एवढं सांगेल. का जातंय, ते रेसवर लिहिलेलं असतं.

सेन्सरवरूनच आपलं बिनसलं, म्हणून स्पष्ट लिहिते. मी सेन्सरच्या विरोधात नाही. सगळीकडे लावण्याच्या विरोधात आहे. तो विकणारा माणूस प्रत्येक मशीनवर लावा म्हणणारच, त्याचं पोट आहे ते. तू बिघाड पहिल्यांदा जाणवतो तिथपासून मशीन बंद पडेपर्यंत किती वेळ मिळतो, ते बघ. बेअरिंग आधी व्हायब्रेशनमध्ये दिसतं, मग आवाजात, मग हाताला गरम लागतं. व्हायब्रेशनपासून मोजलं तर पुष्कळदा आठवडे हातात असतात, गरम लागल्यावर फार थोडा वेळ. जेवढा वेळ मिळतो त्याच्या निम्म्याहून कमी अंतराने तपासणी हवी, नाहीतर दोन तपासण्यांच्या मध्येच खेळ खलास. ज्या बिघाडाची चाहूलच लागत नाही तिथे सेन्सर शोभेचा. आणि अलार्म आल्यावर कोण जाणार, कुणाला मशीन थांबवायचा अधिकार आहे, हे कागदावर नसेल तर लोक आठवड्याभरात ते लाल दिवे बघायचं सोडून देतात. आधी मोजक्या महत्त्वाच्या मशीनवर हातातलं मीटर घेऊन फेरी सुरू कर. आणि ऑपरेटरला विचार. जपानच्या निप्पॉनडेन्सोने 1971 च्या सुमारास टीपीएम, म्हणजे सगळ्यांनी मिळून मशीन सांभाळायची पद्धत, म्हणून जे उभं केलं, त्यात ऑपरेटरने स्वतः मशीन पुसायचं हा पहिलाच धडा होता. पुसताना सैल बोल्ट हाताला लागतो.

चाहूल लागण्याचा खरा फायदा साहेबांना पैशात सांग, त्यांना तेच कळतं. मला तो वेगळ्या कारणासाठी हवाय. चाहूल लागली तर काम दिवसा होतं. माणसं जागी असतात, स्पेअर हाताशी असतं, वीज तोडायला वेळ असतो, मागे "किती वेळ लागणार?" असं विचारत कुणी उभं नसतं. "बंद पडल्यावर बघू" म्हणजे पुष्कळदा रात्रपाळी, एकटा फिटर, अर्धवट उजेड आणि ओरडणारा प्रॉडक्शनचा माणूस. तू सोमवारी धोरण निवडशील तेव्हा अशा वेळी मशीनजवळ कोण उभं असेल तेही निवडशील. आणि मला माहीत आहे, कोण असेल ते. तू असशील. तुला फिटरच्या मागे उभं राहून बघत बसणं कधी जमलेलं नाही.

बाबा हल्ली डाव्या हाताने सही करतात. तुला त्यात आता काही वेगळं वाटत नाही, कारण तू त्यांना तसंच बघितलंयस. मी त्याआधीची सही बघितलीय. ते कार्डही मीच भरलं होतं, चिऊ. कारणाच्या घरात वरून जे लिहायला सांगितलं ते लिहायला मी नकार दिला, म्हणून ते कोरं राहिलं.

बघ, काढलाच ना विषय.

तर कुलूप, दुरुस्तीआधी मशीनच्या मेन स्विचला लावायचं ते. स्वतःचं कुलूप, स्वतःची चावी, चावी स्वतःच्या खिशात. स्विच पाडला म्हणजे झालं असं नाही. कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटण दाबून बघ, मशीन हलत नाही ना. ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये वीज काही मिनिटं राहते, मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ पुरा थांब आणि मग मीटर लाव. हवेची लाइन सोडून दे, उचललेला भार खाली टेकव, ताणलेली स्प्रिंग बघ. चौघं काम करत असतील तर चार कुलपं, "माझं लावलंय ना" चालायचं नाही. कुणीही, साहेबांनीसुद्धा, "दोनच मिनिटांचं काम आहे" म्हटलं तर…

भाषण झालं. माफ कर. हे सगळं तू दुसऱ्यांना शिकवतेस, मला दादाने सांगितलं. तुझ्या ट्रेनिंगचा व्हिडिओही त्याने दाखवला. छान बोलतेस, फक्त फार भरभर. बाबांनी तो पुन्हा लावायला सांगितला, बोलले काही नाहीत.

सोमवारी एकच मागणी रेटायची असेल तर ही रेट: ठरवून केलेलं काम किती आणि धावपळीत केलेलं किती, हे दर महिन्याला मोजून त्यांच्यासमोर ठेवायची मुभा. बाकी सेन्सर, सॉफ्टवेअर, सल्लागार, नंतर बघता येईल. हा आकडा सलग डोळ्यांसमोर आला की त्यांनाच वाईट वाटायला लागतं. आणि पीएमची कामं उत्पादनासाठी पुढे ढकलली तर कुणी ढकलली त्याची सही घे. सही मागितली की ढकलणं कमी होतं, हा माझा अनुभव आहे, निव्वळ कार्डं भरणारीचा.

मीटिंग झाली की फोन कर. मी वाक्य पुरं करायचा हट्ट धरणार नाही.

तुझी,
आई

ता.क. तुमच्याकडे कुलपांच्या दुसऱ्या चाव्या सिक्युरिटीकडे ठेवतात असं तू मागे बोलता बोलता म्हणाली होतीस. तुझ्या कुलपाची दुसरी चावी तिथे असेल तर मीटिंगच्या आधीच काढून घे, नंतर नको.