पहिल्या अल्बमवर अन्याय नको
महोदय,
‘ऑडिओस्लेव्ह’ या अमेरिकी रॉक बँडच्या २००२ मधील पहिल्या अल्बमचा विषय निघाला की चाहत्यांत आजही दोन तट पडतात. राजकीय गाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या बँडचे तिघे वादक आणि ‘साउंडगार्डन’ या बँडचा गायक ख्रिस कॉर्नेल एकत्र आले, तेव्हा कोणाला जुना राजकीय त्वेष हवा होता, तर कोणाला ‘साउंडगार्डन’ची गूढ वळणे; ती न मिळाल्याची निराशा मी समजू शकतो, पण नव्या बँडला जुन्या मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. काही संथ गाणी लांबली आहेत, हे मान्य. मात्र पहिल्याच गाण्याच्या आरंभी त्या तिघांपैकी गिटारवादक टॉम मोरेलोची गिटार हेलिकॉप्टरच्या पात्यांसारखी घरघरत जवळ येते आणि त्यावर कॉर्नेलचा आवाज चढत जातो, तेव्हा माझ्या अंगावर आजही काटा येतो.
— एक वाचक