पाटीवरचे कन्नड मोजता, मालातले हातकाम कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात हस्तकला मेळ्याला उदंड प्रतिसाद मिळाल्याची बातमी वाचली. फोटो छान आला आहे. उजव्या कोपऱ्यात निळ्या साडीचा जो अर्धा पदर दिसतो, तो माझा. तेव्हा मीही त्या उदंड प्रतिसादात होते, म्हणून दोन शब्द लिहिते.

तीन दिवसांचे भाडे चार हजार आणि पाचशे अनामत. पावतीवर लिहिले होते : सहा बाय अडीचचे टेबल, दोन खुर्च्या, एक ट्यूब, एक पॉइंट. टेबल आले ते लग्नाच्या पंगतीतून थेट उठून आल्यासारखे. हळदीचे डाग तसेच, एक पाय लटपटता. त्या पायाखाली मी पुठ्ठ्याची चौपदरी घडी सारली. खुर्ची एकच. पॉइंट होता, पण त्यात शेजारच्या पॉपकॉर्नवाल्याची पिन आधीच जाऊन बसलेली. 'मावशी, जरा ॲडजस्ट करा की,' म्हणाला. केले. त्या पोराला तरी काय बोलायचे, त्याच्याकडूनही तेवढेच घेतले असतील.

मी वाकळा, म्हणजे जुन्या साड्यांच्या गोधड्या, शिवते. पहिल्या वेळी सगळ्या घड्या घालून टेबलावर रचल्या होत्या, तर लोक गाद्या-उशांचे दुकान समजून पुढे गेले. आता मागच्या बाजूला पत्र्याची ट्रंक आणि पुढे दोन पाट ठेवून त्यावर जुने धोतर पसरते, गौरीपुढे आरास करताना पायऱ्या करतो तशा. बाळाची दुपटी पुढे, सहज हाताला लागतील अशी. मोठी वाकळ मागे दोरीवर, आणि तीही उलटी बाजू बाहेर करून. किमतीच्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधते, कारण किंमत विचारायचा संकोच वाटून निम्मी माणसे नुसतीच निघून जातात. सुट्टे पैसे घरून न्यावे लागतात. क्यूआर कोड असतो, पण संध्याकाळच्या गर्दीत नेटवर्क नेमके झोपते.

एवढे सगळे मांडून मी मान वर केली, तर समोरच्या टेबलावर 'हॅण्डमेड' अशी भली मोठी पाटी आणि तिच्याखाली डझनाडझनाने प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या पर्सेस. राहवले नाही. एक उचलून उलटी केली. आत ओव्हरलॉकची, म्हणजे मशीनची शिलाई. बाराच्या बारा पर्सेसवर तेच फूल, त्याच जागी. पाकिटावर कुठल्याशा होलसेलवाल्याचा शिक्का, तोसुद्धा काढायची तसदी घेतलेली नव्हती. किंमत 150 रुपये. माझी मोठी वाकळ 2,200 ची. चार जुन्या सुती साड्यांचे थर, सगळा धावदोरा, रोज दुपारचे दोन-तीन तास धरले तर पाच आठवडे. गिऱ्हाईक समोरून पर्स घेऊन येते, माझी वाकळ चाचपते आणि म्हणते, 'भाळ आत री अक्का!' म्हणजे फारच झाले हो. त्या बाईची काय चूक? दोन्हीकडे हातकामच म्हटलेले. मी तिला माझी वाकळ आणि तिचीच पर्स शेजारी शेजारी धरून दाखवली. धावदोरा दोन्ही अंगांनी तुटक दिसतो, एखादा टाका बारीक, एखादा लांब, जिथे दारावर कुणी आले तिथे जरा वाकडा. मशीनची शिलाई सलग. तिने चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि एक दुपटे घेतले. पण तीन दिवस प्रत्येकाला हे सांगत बसायला माझा घसा काही लाउडस्पीकर नाही.

माझ्या डावीकडे अथणीकडचे एक चपलांचे कारागीर होते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे. 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्या चपला झळकल्या तेव्हा सगळ्यांना आपल्या कारागिरांचा केवढा उमाळा आला होता! आणि इथे त्यांच्यापासून चार टेबलांवर रेक्झिनच्या 'कोल्हापुरी' अडीचशेला जोडी. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या चामड्याचा वास वेगळा असतो, हुंगून बघा, असे ते सांगत होते. पोरे हसत होती.

आता पाटीचे. माझी पाटी कापडी अक्षरे टाचून केलेली होती, मराठीत. बहुधा साऱ्या मेळ्यातली हाताने केलेली तेवढी एकच पाटी. सकाळी दहाला दोन कार्यकर्ते आले, 60 टक्के कन्नड पाहिजे म्हणाले. कर्नाटकातला तो कायदा दुकाने-आस्थापनांच्या पाट्यांचा. तीन दिवसांच्या टेबलावर बांधलेल्या फडक्याला तो लागतो का, हे गिऱ्हाईक समोर उभे असताना कुठे विचारत बसू? मला कन्नडचे वावडे नाही, माझे अर्धे गिऱ्हाईक कन्नडच बोलते. पण भाडे घेताना आठ दिवस आधी सांगितले असते तर कन्नड अक्षरेही कापडाचीच टाचली असती. शेवटी पाटी उतरवली आणि पॉपकॉर्नच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने 'कौदी', म्हणजे कन्नडमधली वाकळ, असे लिहून लावले. पाटी मोजायला दोन माणसे होती. माल उलटा करून बघायला एकही नव्हते.

आयोजकांना एकच सुचवते. हातकामाचे टेबल ज्याला हवे असेल त्याने अर्जाबरोबर एक अर्धवट झालेली वस्तू आणून दाखवावी. पुरी झालेली वस्तू बाजारात डझनाने मिळते, अर्धवट मिळत नाही.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव
(नाव छापू नये ही विनंती.)

ता. क. अनामतीचे पाचशे रुपये टेबलाचा पाय मोडल्याबद्दल कापून घेतले आहेत. पायाखालची पुठ्ठ्याची घडी मी जपून ठेवली आहे, हवी तर कार्यालयात आणून दाखवते.