शनिवारी सकाळी चहा नाही

आई, बाबा,

फोनवर सांगितलं तर आई विषय बदलणार आणि बाबा "बघू" म्हणणार, म्हणून लिहितेय. शनिवारी साडेसातला लॅबचा मुलगा नौपाड्याला घरी येणारे आईचं रक्त घ्यायला. पैसे भरून झालेत. न विचारता केलं, माहितीये, पण विचारलं असतं तर दिवाळी उजाडली असती.

आई, परवा भात लावताना तू चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकलेस, नेहमीसारखे. मला ती तुझी सवयच वाटायची. मग माझ्याच तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, बर्फ, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का, अंगात लोह कमी असलं की होतं म्हणे तसं, आणि तूच डोळ्यासमोर आलीस. तुझा मार्चचा रिपोर्ट माझ्या फोनमध्येच पडून होता गं. हिमोग्लोबिन 11.7 बघून मी अंगठा पाठवून मोकळी झाले, खाली एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, 76 म्हणजे कमी होता ते वाचलंच नाही. आणि तू तीन जिने दम खात चढत राहिलीस.

बाबा, "बाराला जरासंच कमी आहे" म्हणू नका. माझं 12.4 होतं आणि फेरिटिन फक्त 9. फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा. रोजच्या डब्यात तांदूळ दिसतात म्हणून कोठीत असतीलच असं नाही ना, आधी कोठी रिकामी होते, डबा शेवटी. 15 च्या खाली म्हणजे साठा संपलाच, पण बरेच डॉक्टर 30 च्या खाली गेलं तरी कमीच धरतात. त्यात अंगात कुठे सूज किंवा ताप असला की फेरिटिन उगाच चांगलं दिसतं, म्हणून सूज दाखवणारं सीआरपी, रक्तातलं आयर्न आणि रक्त किती लोह धरू शकतं ते सांगणारं टीआयबीसी पण सोबत लावलंय.

अजून एक, घाबरू नकोस. कमी आलं तर नुसत्या गोळ्या घेऊन भागणार नाही. तुझी पाळी जाऊन बारा वर्षं झाली (बाबा, वाचलंत तरी चालेल), मग लोह जातंय कुठे ते बघावं लागेल. पोटातून थोडं थोडं रक्त जाऊ शकतं, गुडघ्याच्या त्या गोळ्यांनीही होतं तसं, त्या रोज घेतेस हे डॉक्टरांना मी सांगणारे, तू लपवशील.

माझ्या बाळंतपणात परात भरून अळिवाचे लाडू केलेस आणि स्वतः एक खाल्ला नाहीस, "मला कशाला" म्हणे.

तर आता ऐका. मावशीने दिलेलं लोहाचं टॉनिक गुरुवारपासून बंद. शुक्रवारी साडेआठच्या आत जेवण, सकाळी फक्त पाणी. बाबा, तुम्ही पण तिच्यासमोर कप घेऊन बसू नका. मी नेरुळहून पहाटेच्या गाडीने निघतेय, आल्याचा चहा थर्मासात आणते, सुई निघाली की लगेच कप हातात. बेल वाजली तर उठू नकोस, दार मी उघडीन.

तुमची,
छोटी