त्या दिवशी चावी कुणाकडे होती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल आपल्या जिल्हा पानावर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नेतृत्व विकास कार्यशाळेची बातमी वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही. नागपूरचं हॉटेल, तीन दिवस, तालुक्या-तालुक्यातले डॉक्टर, रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि शेवटी प्रमाणपत्रांचा फोटो. डॉक्टरांना माणसं सांभाळायला शिकवू नये असं मी म्हणत नाही. ३१ वर्षं आरोग्य खात्यात काढली, आधी आरोग्य सेविका आणि मग आरोग्य सहाय्यिका म्हणून. या शिक्षणाची गरज मी रोज पाहिली आहे. पण फोटोत एकही नर्स नाही, औषध निर्माण अधिकारी नाही, लिपिक नाही. ज्यांना घेऊन केंद्र चालवायचं ती माणसं घरी ठेवून नेतृत्व शिकवलं जातं, याचा मला राग आला आहे.

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या वावरात कपाशी निंदताना एका मजूर बाईच्या पायाला साप डसला. साप तिनं पाहिला होता, घोणस होती. आम्ही मोटरसायकलवर मधे बसवून तिला पंचवीस मिनिटांत प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवलं. केंद्राचं नाव लिहीत नाही. तिथं डॉक्टरांची एक जागा रिकामी, दुसरे डॉक्टर प्रशिक्षणाला गेलेले. ड्युटीवर एकटी सिस्टर. पोरगी हुशार. तिनं लगेच काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं, वीस मिनिटं न हलवता ठेवलं आणि मग नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. घोणशीचं विष चढलंय हे तिला कळलं, मलाही कळलं.

सापाच्या विषावरचं औषध होतं. स्टोअरच्या कपाटात पुरेशा कुप्या होत्या, नोंदवहीत आकडा दिसत होता. कपाटाला कुलूप, आणि चावी औषध निर्माण अधिकाऱ्याच्या खिशात. ते औषधं आणायला जिल्ह्याला गेलेले. त्यांचा फोन लागेना, डॉक्टरांचा प्रशिक्षणात बंद. सिस्टर कुलपासमोर उभी राहून मला विचारत होती, "मॅडम, तोडू का? उद्या माझ्यावर आलं तर?" मी निवृत्त बाई, तिला कोणत्या अधिकारानं सांगणार? तरी तोड म्हटलं. तिचा हात उचलला नाही. बाईचा नवरा दाराशी बसला होता. तो एवढंच म्हणाला, "बाई, औषध आत हाये ना? मंग देत काऊन नाही?"

शेवटी १०८ ची गाडी आली. औषधाचा पहिला थेंब तिच्या अंगात जाईपर्यंत साडेतीन तास झाले. जीव वाचला. पण मूत्रपिंडांवर परिणाम झाला, चार वेळा डायलिसिस करावं लागलं, आणि कापूस वेचणीचा अख्खा हंगाम तिच्या हातून गेला.

नंतर मी त्या डॉक्टरांना भेटले. सव्वीस वर्षांचा मुलगा, एका वर्षाच्या बंधपत्रावर आलेला. कामचुकार अजिबात नाही, रात्री दहापर्यंत पेशंट तपासतो. माझं ऐकून त्याचे डोळे भरले. म्हणाला, "कुलपं-चाव्यांची व्यवस्था हेही माझंच काम, हे मला कुणी सांगितलंच नाही." मला त्याच्यावर रागावता आलं नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य. पुस्तकात आलं ते चांगलंच झालं. पण रुजू झाल्या दिवशी या मुलाच्या हाताखाली पंचवीस-तीस माणसं येतात, उपकेंद्रं येतात, चेकवर सही येते, आणि वर्षभरात त्याला हे सगळं उमगेपर्यंत बंधपत्र संपून तो निघून जातो. त्याच्या जागी नवा येतो, तोही तितकाच कोरा.

१९९४ साली माझ्या केंद्राला एक डॉक्टर होते. रजेवर निघताना भिंतीवर कागद लावायचे: मी नसताना निर्णय कुणाचा, आणि कोणती औषधं ड्युटीवरच्या सिस्टरनं न विचारता सुरू करायची. सर्पदंशाच्या कुप्या प्रसूतिगृहाच्या कपाटात आणि चावी ड्युटीवरच्या सिस्टरच्या कमरेला. हे औषध भुकटीच्या रूपात असलं तर त्याला फ्रीजही लागत नाही, हाताशी ठेवायला अडचण ती काय? एका रात्री त्यांच्या माघारी मी औषध सुरू केलं आणि पेशंटला रिअॅक्शन आली. पेशंट सावरला, पण वरून चौकशी लागली. साहेबांनी उत्तरात लिहिलं, "माझ्या लेखी आदेशावरून दिले आहे," आणि खाली सही केली. त्यानंतर आमच्या केंद्रात एकही नर्स औषधाला घाबरली नाही.

ते सेवाग्रामला शिकलेले. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली उभ्या केलेल्या त्या कॉलेजात पहिल्याच वर्षी मुलांना खेड्यात मुक्कामाला नेतात, प्रत्येकाला काही कुटुंबं वाटून देतात. साहेब म्हणायचे, माणसांशी बोलायला मी तिथं शिकलो. म्हणजे हे शिकवता येतं. आपल्याच विदर्भात शिकवलं गेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळाला घरात जाऊन जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं आणि ते देण्याचा अधिकारही दिला. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले, १९९९ साली ते जगापुढं छापून आलं. आणि इथं तीन वर्षं नर्सिंग शिकलेली मुलगी कपाटासमोर थरथरत उभी राहते!

दुसरी चावी करून ड्युटीवरच्या सिस्टरकडे ठेवा, असा अर्ज मी रुग्ण कल्याण समितीकडे दिला, त्याला आता अकरा महिने झाले. विषयपत्रिकेवर घेऊ, असं तेव्हा सांगितलं होतं. मधे मी तीनदा जाऊन आले.

हातासरशी आणखी एक सांगते, कारण ते आपल्या वर्तमानपत्राबद्दल आहे. दर पावसाळ्यात आपण सर्पदंशाच्या मृत्यूची बातमी देता आणि मथळ्यात 'अंधश्रद्धेचा बळी' लिहिता. मांत्रिकाकडे जाणारे आजही आहेत, मी स्वतः भांडून किती जणांना तिथून उठवून आणलं आहे. पण त्या मजूर बाईचा नवरा कुठल्याही मांत्रिकाकडे गेला नव्हता, सरळ दवाखान्यात आला होता. आता त्याच्या वस्तीवर कुणाला साप डसला तर तो काय सल्ला देईल, याची मला काळजी वाटते. असे किती जण केंद्राच्या दारातून परत गेले, तेही आपल्या वार्ताहरांनी एकदा विचारावं.

आणि कालच्या बातमीतली कार्यशाळा तीन दिवसांची होती. त्या तीन दिवसांत फोटोतल्या डॉक्टरांच्या केंद्रांवर निर्णय कुणाच्या हाती होता आणि सर्पदंशाच्या औषधाची चावी कुणाकडे होती, हे केंद्रवार विचारून छापाल का? यादी मिळायला अडचण आली तर मला कळवा, गावोगावच्या नर्सबाया मला ओळखतात, मी आणून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका,
जि. यवतमाळ