सोडलेला पट

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक. माझी साखर ताब्यात आहे, हिचा गुडघा थंडीत कुरकुरतो. आता मुद्द्याचं.

आपला पुणे-मुंबई गोल्फचा कप यंदाही मुंबईकरच घेऊन गेले. हरलो म्हणावं तर नाही, 12–12 अशी बरोबरी झाली. पण बरोबरीत कप आधीच्या विजेत्यांकडे राहतो, हा नियम आपणच लिहून ठेवलेला. गेलं त्याचं मला फारसं वाटत नाही. ज्या तऱ्हेने गेला ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही, कारण समोर बापूसाहेब होते.

हो, तेच. सत्तरी ओलांडली तरी तिन्ही दिवस पायी खेळले, गाडीला हात लावला नाही. शुक्रवारी जोडीचे सामने, एक चेंडू आणि आलटून पालटून फटके. माझ्या जोडीला आपल्या बॅगा वाहणाऱ्या कॅडी मामांचा धाकटा मुलगा होता. काय खेळतो रे पोरगा! मी चेंडू झाडाखाली ठेवला तर तोंडातून अवाक्षर नाही, शांतपणे सात नंबरची काठी काढून फेअरवेवर, मोकळ्या गवताच्या पट्ट्यावर आणून द्यायचा. तुझ्याबरोबर जोडीला असताना मला किती ऐकावं लागायचं ते आठवलं. शनिवारी फोरबॉलमध्ये, म्हणजे जोडीतच पण प्रत्येकाचा चेंडू वेगळा, आपण मार खाल्ला, आणि रविवारच्या बारा एकेरी सामन्यांत वसुली केली. अकरा सामने संपले तेव्हा गुणफलकावर 11½–11½. मैदानावर एकच जोडी उरलेली, बापू आणि आपला पोरगा, अठराव्या होलपाशी बरोबरीत.

पोराचा हँडिकॅप, म्हणजे सवलतीचे फटके, 4, बापूंचा 18. म्हणजे त्यांना चौदा होलवर एकेक फटका मिळत होता, पण अठराव्यावर नाही. तिथे दोघे सारखेच. बापूंचा दुसरा फटका उजव्या वाळूच्या बंकरच्या काठाला अडला. तिथून त्यांनी चेंडू असा उचलून टाकला की सगळी मुंबई उभी राहिली. अडीच फूट राहिलं, पारसाठी, म्हणजे होलच्या ठरलेल्या फटक्यांत. पोराने आपला चार फुटांचा पट, म्हणजे होलात ढकलायचा शेवटचा फटका, आधी टाकला, मधोमध. आणि मग, बाळ्या, तो होलमधून आपला चेंडू काढून सरळ बापूंच्या चेंडूपाशी गेला, उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "दिला, काका." म्हणजे पट न मारताच पडला असं मानायचं, आणि सामना बरोबरीत.

आता तुला कळलं असेल मी तुलाच का लिहितोय.

त्या वर्षी चेंबूरहून परतताना लोणावळ्यापर्यंत मी तुझ्याशी बोललो नव्हतो. दीड फूट राहिलेला पट तू बापूंना टाकायला लावलास, त्यांचा हात थरथरला, चेंडू कडेवरून वळला आणि कप आपल्याकडे आला. तू म्हणालास, पट आहे म्हणजे टाकायचाच, नियम आहे. मी म्हणालो, नियम द्यायलाही परवानगी देतो. मग वडापावाच्या गाडीपाशी तूच म्हणालास, नाना, आज जिंकल्यासारखं वाटत नाही. ते वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. पण रविवारी होलभोवतीच्या ग्रीनच्या कडेला उभा असताना तेच कानात होतं.

कमिटी भडकली आहे. रात्रीच्या जेवणातच सुरू झालं. एक जण म्हणे, कॅप्टनला विचारायला हवं होतं. कशाला? एकेरी सामन्यात पट सोडायचा की नाही ते खेळाडूने ठरवायचं, कॅडीसुद्धा परस्पर सोडू शकत नाही. दुसरा म्हणे, बापूंनी नाही म्हणायला हवं होतं. तेही नियमात नाही, एकदा दिलेला पट परत घेता येत नाही आणि नाकारताही येत नाही. मी 1969च्या अमेरिका-ब्रिटन रायडर कपचं काढलं. रॉयल बर्कडेल, शेवटचा सामना, गुण 15½–15½, अमेरिकेच्या निक्लॉसने ब्रिटनच्या जॅकलिनला छोटा पट सोडला आणि 16–16 झालं. रायडर कपच्या इतिहासातली पहिली बरोबरी. तर लगेच उत्तर आलं की कप अमेरिकेकडेच होता, म्हणून तो तिकडेच राहिला, निक्लॉसचं काय गेलं? बरोबर आहे. आणि तरीही त्यांचा कॅप्टन सॅम स्नीड नाराजच झाला होता. म्हणजे आपल्या पोराने निक्लॉसपेक्षा जास्त दिलं, असं मी म्हणालो तर टेबलावर शांतता.

इथपर्यंत मी भांडून घेतलं असतं. पण मग कुणीतरी म्हणालं, "कॅडीच्या घरातला आहे, क्लबची इभ्रत त्याला काय कळणार." मामा मागे बॅगा पुसत होते. त्यांनी ऐकलं. बाळ्या, ज्यांनी तुझ्यामाझ्या बॅगा वाहिल्या, ज्यांनी आपल्याला ग्रीनचा उतार वाचायला शिकवलं, त्यांच्यासमोर! अली शेर कॅडीच्याच घरातला आणि 1991मध्ये इंडियन ओपन जिंकला. तुझ्या टॉलीगंजच्या रॉयल कॅलकटात ग्रीन राखणाऱ्याचा मुलगा, चौरसिया, 2016 आणि 2017 लागोपाठ दोन वर्षं तेच जिंकला. तिथले जुने लोक त्याच्याबद्दल कसं बोलतात ते तू ऐकलं असशील. आमच्याकडे मात्र पोराला मिळालेली खेळण्याची सवलत काढून घ्यायची का, हा विषय येत्या शनिवारच्या सभेत ठेवलाय. सोबत दुसरा ठराव, पुढच्या वर्षीपासून स्टेबलफर्डचे, म्हणजे प्रत्येक होलवरच्या फटक्यांवरून, गुण मोजायचे, म्हणजे गुण हवे तर पट टाकावाच लागेल आणि कुणी कुणाला काही देऊच शकणार नाही. मग तीन दिवस एकमेकांच्या घरी उतरायचं कशासाठी? शेजारी शेजारी चालत आपापली कार्डं भरायची असतील तर पुणे-मुंबई हवं कशाला?

पोरगा सोमवारपासून सरावाला आलेला नाही. मामा म्हणतात, ताप आहे. मी काल जाऊन आलो, ताप नाही. मला विचारलं, "काका, तुम्ही असता तर दिला असता का?" मी हो म्हणालो. मग म्हणाला, "बापूंचा हात हालत होता." एवढंच.

तुझं कसं? घर बदललंस म्हणे, नवा पत्ता वहिनींनी हिला दिलाय. मुलीची ॲडमिशन झाली हे ऐकून फार आनंद झाला, तिला आमचे आशीर्वाद. जानेवारीत येशील का?

आता काम. तू माजी कॅप्टन आहेस, आणि बापूंकडून पट टाकून घेऊन कप जिंकणारा सगळ्या क्लबात तू एकटा. माझं बोलणं ते हळवेपणा म्हणून झटकतात, तुझं झटकता येणार नाही. दोन पानं लिही. त्या दिवशीचं आणि गाडीपाशी काय म्हणालास तेही लिही, ही माझी विनंती. लाज वाटेल, तरी लिही. सभेत मी उभा राहून वाचेन. कुरियर शनिवारपर्यंत पोचलं नाही तर फोटो काढून पाठव, मी छापून नेतो. आणि एक वेगळी चिठ्ठी पोराच्या नावाने टाक. तुझा जुना पटर, पट मारायची काठी, त्याला हवाय असं तो मागे म्हणाला होता, तो माझ्याकडेच पडून आहे. देऊ का, तेही कळव.

तुझा,
नाना