जॉबवर्क देता, मग उष्णतेचे आकडे का देत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला लघुउद्योगांवरचा लेख वाचला आणि झोप उडाली. रासायनिक अभिक्रियांच्या धोक्याचे मूल्यमापन हे मोठ्या कंपन्यांना शोभणारे काम, लहान कारखान्यात मालच थोडा असतो म्हणून धोकाही थोडा, त्यांच्या गळ्यात हे लोढणे अडकवू नका, असा लेखाचा सूर आहे. लेखकाच्या हेतूवर मला शंका नाही. लहान कारखानदार कागदपत्रांनी जेरीस आलेला असतो, हे मी अनेक वर्षे शिफ्ट केमिस्ट म्हणून जवळून पाहिले आहे. पण ‘माल थोडा म्हणून धोका थोडा’ हे वाक्य छापायच्या आधी कुणीतरी एकदा तीन केएलच्या (तीन हजार लिटरच्या) रिअॅक्टरशेजारी, म्हणजे अभिक्रियेच्या टाकीशेजारी, उभे राहायला हवे होते.

मला जे सांगायचे आहे ते एका रात्रपाळीचे आहे.

मी ज्या कारखान्यात होतो तिथे एका मोठ्या कंपनीचे जॉबवर्क यायचे, म्हणजे त्यांचा माल आम्ही मजुरीवर करून द्यायचो. नायट्रेशनची, म्हणजे सेंद्रिय द्रव्याची नायट्रिक अॅसिडशी अभिक्रिया घडवण्याची स्टेप. मालाबरोबर प्रोसेसचे मोजके कागद आले. मिक्स्ड अॅसिडचे (नायट्रिक व सल्फ्युरिक अॅसिडच्या मिश्रणाचे) अॅडिशन सावकाश करावे, म्हणजे ते थोडे थोडे सोडावे, तापमान ४० ते ४५ अंशांत ठेवावे, एवढे त्यात होते. ४५ च्या वर गेले तर काय होते, कुठपर्यंत गेले की हाताबाहेर जाते, मध्येच ढवळणे थांबले तर काय करायचे, याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. मी लेखी विचारले. ती माहिती गोपनीय आहे, दिलेल्या पद्धतीप्रमाणे काम करावे, असे उत्तर आले.

त्या रात्री अॅडिशन निम्म्यावर आले असताना अॅजिटेटरचा, म्हणजे ढवळणीचा, पट्टा तुटला. मोटार चालूच होती. तिचा आवाज येत होता, पॅनेलवरचा हिरवा दिवा पेटलेला होता. आतला शाफ्ट तेवढा फिरत नव्हता. अॅसिड जड, ते तळाशी बसत गेले आणि सेंद्रिय थर वर राहिला. दोन्ही मिसळत नव्हते, म्हणून अभिक्रिया जवळजवळ थांबली आणि उष्णता निघायची बंद झाली. रिअॅक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये ब्राइन (थंड खारे पाणी) फिरत होते, त्यामुळे तापमान उतरू लागले. ती लॉगशीट मी नंतर पाहिली. ४३, ४१, ३८. शांत, व्यवस्थित अक्षरात लिहिलेले आकडे. रिअॅक्टरवर जे ऑपरेटर होते त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. तापमान ४० च्या खाली गेले की बॅच बिघडते म्हणून ओरडा बसायचा. त्यामुळे त्यांनी अॅडिशनचा व्हॉल्व्ह आणखी थोडा उघडला. कागदावर लिहिले होते त्याप्रमाणेच ते वागले.

पट्टा तुटल्याचे लक्षात आल्यावर फिटरने नवा पट्टा चढवला आणि अॅजिटेटर सुरू केला. तळाशी साठलेले सगळे अॅसिड एकदम मिसळले. अर्ध्या शिफ्टमध्ये सावकाश निघायची ती उष्णता काही मिनिटांत बाहेर पडली. ब्राइन पूर्ण उघडूनही काटा चढतच राहिला, रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटणारी सुरक्षा-चकती) फुटली आणि व्हेंटमधून तपकिरी धूर आला. रिअॅक्टर वाचला. अॅडिशन बंद करायला मामा त्या धुरातून वर गेले. खाली आल्यावर थोडे खोकले, पाणी प्यायले, ठीक आहे म्हणाले आणि शिफ्ट संपवून घरी गेले. त्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड असेच फसवतो. सुरुवातीला नुसता घसा खवखवतो आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागते. दुपारी त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. ते वाचले, पण पुन्हा जिना चढताना त्यांना धाप लागल्याशिवाय राहिली नाही.

कारखान्याच्या चौकशीत दोन शब्द लिहिले गेले: मानवी चूक. मामांना घरी बसवले.

पुढे जॉबवर्क देणाऱ्या कंपनीबरोबर बैठक झाली. त्यांच्या अधिकाऱ्याने फाइल उघडली. तीत कॅलरीमीटरवर (उष्णता मोजणाऱ्या उपकरणावर) केलेल्या चाचणीचा अहवाल होता. अॅडिशन किती वेगाने केले तर किती अॅसिड न वापरता साठते, ते सगळे एकदम पेटले तर तापमान कुठपर्यंत जाईल, हे आलेखासह त्यात होते. ढवळणे थांबल्यास अॅडिशन ताबडतोब बंद करावे आणि तज्ज्ञांना विचारल्याशिवाय अॅजिटेटर पुन्हा चालू करू नये, हे वाक्यही होते. त्याने ते आम्हाला वाचून दाखवले. ही माहिती त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझा हात थरथरतो.

कालच्या लेखकाने मूल्यमापन म्हणजे जाडजूड फायली असे गृहीत धरले आहे. लहान कारखान्याला सुरुवातीला जे लागते ते फार थोडे आहे. ही अभिक्रिया एकूण किती उष्णता सोडते? कूलिंग पूर्ण बंद पडले आणि ती सगळी उष्णता मालातच राहिली तर तापमान किती चढेल? समजा किलोमागे २०० किलोज्यूल उष्णता निघते आणि मालाची विशिष्ट उष्णता (एक किलो माल एक अंशाने तापवायला लागणारे किलोज्यूल) २ आहे, तर १०० अंशांची वाढ झाली. हा भागाकार शाळेतले मूलही करील. मग विचारायचे, की ४५ अधिक १००, म्हणजे १४५ अंशांना माझा सॉल्व्हंट उकळतो का, माझे उत्पादन विघटित होऊ लागते का? विघटनाचा अंदाज डीएससी चाचणीतून येतो, म्हणजे नमुना सावकाश तापवत तो कधी उष्णता सोडतो हे पाहून. तिला काही मिलिग्रॅम नमुना पुरतो आणि ती बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेता येते. डीएससीच्या आलेखात शिखर २०० अंशांवर दिसले म्हणून १९० पर्यंत निर्धास्त राहता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. मोठ्या साठ्यात तीच क्रिया कितीतरी खालच्या तापमानाला हळूहळू सुरू होते आणि स्वतःच स्वतःला तापवत नेते. इटलीतल्या सेव्हेसोला १० जुलै १९७६ रोजी हेच झाले. सुट्टीसाठी बॅच अर्धवट सोडली, ढवळणे बंद केले, आणि काही तासांनी डायऑक्सिनचा ढग गावावर गेला.

माल थोडा असण्याचे म्हणाल, तर फ्लास्कमधल्या एका लिटरवरून हजार लिटरच्या रिअॅक्टरवर गेलात की दर लिटरमागे थंड करणारा पृष्ठभाग एक दशांश उरतो. प्रयोगशाळेत बर्फाच्या भांड्यात जे सहज आवरते ते प्लांटवर आवरत नाही. शिवाय तापमान वाढले की जॅकेट जास्त उष्णता ओढते ती सरळ प्रमाणात, पण अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट होतो. या शर्यतीत जॅकेट हरते. कारखान्यात माणसे दहा आहेत की हजार, याच्याशी त्या शर्यतीचा काही संबंध नाही.

फ्लोरिडातल्या टी-टू लॅबोरेटरीज या कारखान्यात एक डझन माणसे होती. पेट्रोलमध्ये घालायचे एक मँगनीज संयुग ते करत. १९ डिसेंबर २००७ ची बॅच ही १७५ वी. कूलिंग बंद पडले, पर्यायी सोय नव्हती, आणि तापमान चढल्यावर सोडियम व सॉल्व्हंट यांच्यात दुसरीच अभिक्रिया सुरू झाली. रिअॅक्टर सुमारे साडेनऊ हजार लिटरचा होता, तो फुटला. चार जण गेले, त्यांत एक मालक स्वतः होता. ३२ जखमी झाले. तपास करणाऱ्या अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने नंतर तीच रेसिपी प्रयोगशाळेत लहान नमुन्यावर तपासली आणि ती दुसरी अभिक्रिया तिथे दिसली. कारखाना सुरू करण्याआधी दिसू शकली असती. ‘वर्षानुवर्षे हेच करतोय, कधी काही झाले नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक मालकाला मी हा १७५ चा आकडा सांगतो.

नॉर्थ कॅरोलायनातल्या सिंथ्रॉन या रसायन कारखान्यात २००६ च्या जानेवारीत ऑर्डर नेहमीच्या बॅचपेक्षा थोडी मोठी आली. एकाच बॅचमध्ये बसवायची म्हणून जास्तीचा मोनोमर (अभिक्रियेचा मुख्य कच्चा माल) सुरुवातीच्या चार्जमध्येच, म्हणजे आधी भरायच्या मालातच, घातला. उष्णता निघण्याचा वेग दुपटीहून अधिक झाला आणि वाफ थंड करणारा कंडेन्सर पुरा पडला नाही. स्फोट झाला. एक माणूस गेला, १४ जखमी. असा बदल लहान कारखान्यात फोनवरच्या एका बोलण्यावर होतो, हे आम्हा प्लांटवाल्यांना ठाऊक आहे.

याच केमिकल सेफ्टी बोर्डाने २००२ साली, १९८० ते जून २००१ या काळातल्या १६७ अभिक्रिया-दुर्घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १०८ मृत्यू. त्यांतल्या सुमारे ९० टक्के घटनांमधला धोका आधीच प्रकाशित साहित्यात नोंदलेला होता. माहिती होती, ती ज्याच्या हातात व्हॉल्व्ह असतो त्याच्यापर्यंत गेली नाही.

म्हणून लहान कारखान्यांना सूट द्या ही मागणी मला उलट्या टोकाने जाणारी वाटते. मोठ्या कंपनीत एकच उत्पादन वर्षभर चालते, लहान कारखान्यात त्याच रिअॅक्टरमध्ये या महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसरेच असते. मूल्यमापनाची गरज तिथेच जास्त आहे. लेखकाला लघुउद्योगांचा खरोखर कळवळा असेल तर त्याने ही मागणी करावी: जो जॉबवर्क देतो त्याने अभिक्रियेची उष्णता, विघटनाचे तापमान आणि ढवळणे किंवा कूलिंग बंद पडल्यास काय करायचे, हे लेखी दिल्याशिवाय पहिली बॅच चार्ज होऊ नये. यात गोपनीय काहीही नाही. रेसिपी तर त्यांनी आधीच दिलेली असते. एमएसडीएस (पदार्थाच्या सुरक्षेची माहिती देणारा कागद) जोडला आहे, हे उत्तर चालणार नाही. तो एका पदार्थाची माहिती देतो, माझ्या रिअॅक्टरमध्ये दोन पदार्थ भेटल्यावर काय होईल ते सांगत नाही.

जाता जाता आपल्या वृत्तपत्राबद्दलही बोलतो, राग मानू नका. कारखान्यात स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी आपण ज्वाळांचे छायाचित्र पानभर छापता. ‘नेमके कारण समजू शकले नाही, तपास सुरू आहे’ या ओळीवर बातमी संपते आणि नंतर कधीच पुढे जात नाही. तपास संपतो, अहवाल होतो, कारण सापडलेले असते. ते दोन ओळींत छापले तर त्याच प्रकारची बॅच चालवणाऱ्या दुसऱ्या एखाद्या शिफ्टला त्याचा उपयोग होईल. ऑपरेटरच्या चुकीने स्फोट, असा मथळा देण्याआधी त्या ऑपरेटरच्या हातात कोणता कागद दिला होता, एवढे आपल्या बातमीदाराने विचारावे. मामांच्या बाबतीत ते कुणी विचारले नाही.

हे पत्र जागेअभावी कापायचे झाले तर माझे मत कापा, पण ४३, ४१, ३८ हे आकडे आणि त्यानंतर काय झाले ते राहू द्या. ते आकडे वाचून आज रात्री एखादा ऑपरेटर अॅडिशन बंद करून आधी शाफ्ट फिरतोय का ते बघेल.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट केमिस्ट