दत्तूस पत्र : आप्पांची दुनळी आणि ग्रामसभेचा ठराव

प्रिय दत्तू,

तुझं मागचं पत्र अजून टेबलावरच आहे, शिव्या नंतर घाल. तब्येत बरी, गुडघे आहेत तसेच. आप्पांची दुनळी बंदूक पुन्हा चर्चेत आलीय आणि तिच्यावरून माझ्याशी भांडायला गावात कुणी उरलं नाही, म्हणून लिहितोय.

ग्रामसभेत ठरलं, बंदुकीचा परवाना असलेल्यांनी रात्री उसाच्या फडांच्या कडेने गस्त घालायची आणि वाघ दिसला की उडवायचा. आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणायचं. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, लहान पोरं आहेत, भीती खोटी नाही. आणि तुझं कॉलेजपासूनचं पालुपद मला पाठ आहे : ‘हातात बंदूक असून परक्याचं पोर मरताना बघायचं?’

कायदा तुझ्या बाजूने आहे. लगेच चढून जाऊ नकोस. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 11(2) : स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्याही बचावासाठी सद्हेतूने जनावर मारलं तर गुन्हा नाही. ओळखपाळख लागत नाही. पण त्या वेळी तू याच कायद्याविरुद्ध काही करत असलास तर ही सूट गेली. पाठलाग, हाकणं, आमिष लावणं, मारायचा नुसता प्रयत्न, सगळं ‘शिकार’ या व्याख्येत बसतं. म्हणजे किंकाळी ऐकून धावलेला वाचेल. मारायचं ठरवून निघालेला, माझ्या मते, नाही. मारायची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतो, तीही पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं जमणार नसेल तरच. पांढरकवड्याची टी-1 वाघीण 2 नोव्हेंबर 2018 ला मारली तेव्हा आदेश होता, तरी रात्रीच्या त्या गोळीवरून केवढ्या चौकशा झाल्या! शिवाय आपला परवाना पीकसंरक्षणाचा, शिवारापुरता.

आता बंदुकीचं. बारा बोअरचे मोठे छर्रे दर मीटरला अडीचेक सेंटिमीटर पांगतात. वीस मीटरवर अर्ध्या मीटरचा घोस. बिबट्या पडलेल्या माणसाच्या मानेशी असेल तर त्या घोसात दोघंही येतात. बारीक छर्ऱ्याने तो नुसता जखमी होतो आणि वीस मीटर जेमतेम दोन सेकंदांत कापून अंगावर येतो. बार टाकायचाच तर अगदी जवळून, बाजूने, खांद्याच्या मागे, पलीकडे माणूस नसून माती आहे हे बघून. अंधारात एका हातात बॅटरी धरून हे जमत नाही. आणि पलीकडे तर बॅटऱ्या घेऊन अख्खा गाव उभा असतो!

बहुतेक वेळा आरडाओरडा, लांब काठ्या, ट्रॅक्टरचे दिवे आणि पाच-सहा जण एकत्र पुढे सरकले की तो सोडून पळतो. फक्त एक बाजू मोकळी ठेवायची, आणि त्या बाजूला कोप्या नकोत. चहूबाजूंनी कोंडला तर चौघांना ओरबाडूनच बाहेर पडेल. फटाकेही हेच बघून. भुलीच्या इंजेक्शनची वाट बघण्यात अर्थ नाही, लागल्यावरही पाच-दहा मिनिटं जातात. वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन मात्र आधी. जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची, मग रेबीजची लस आणि सीरम. हळद-चुना भरायचा नाही. हे ग्रामसभेत एकानेही विचारलं नाही, बंदुकीवर मात्र तासभर.

गस्त घालू, पण काठ्या-बॅटऱ्या घेऊन, दुनळी कपाटात. किंकाळी आली तर मी ती काढणार, एवढं तुझं मान्य. माझी झोप उडालीय ती पुढच्या मिनिटाने. गर्दी मागून ‘मार, मार’ ओरडत असताना, छर्रे पोरालाही लागतील हे दिसूनही, माझं बोट चापावर आवरेल का? तू म्हणशील, भित्रा. म्हण.

पोरीच्या नोकरीचं कळलं, पेढे पाठव. वहिनींचं बीपी? घराचं रंगकाम उरकलं का?

सरपंच माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात, का ते देव जाणे. बुधवारी ठरावावर सह्या आहेत. त्याआधी त्यांना फोन कर आणि फक्त 11(2) ची ती अट वाचून दाखव. तुझं पालुपद नको.

तुझा,
बाळू